प्रकल्प नोंदी: नाश्त्याची सर्व्हिस, छत्रपती संभाजीनगर

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

विषय फायनल झाला एकदाचा. हॉटेल मॅनेजमेंटच्या एफ अँड बी (फूड अँड बेव्हरेज, म्हणजे खाणं-पिणं) सर्व्हिसच्या पेपरला प्रत्येकाने एका हॉटेलात जायचं, एक मील निवडायचं, आणि हात न लावता नुसतं उभं राहून बघायचं आणि लिहायचं. ट्रेनिंग पुढच्या सेमला आहेच, तेव्हा ट्रे उचलून खांदे दुखणारच आहेत, आत्ता डोळे वापरा असं मॅडम म्हणाल्या. वर्गातल्या बहुतेकांनी डिनर घेतलं कारण डिनरला फ्लाम्बे (टेबलापाशी पेटवून केलेला पदार्थ), वाइन, मेणबत्त्या असं काहीतरी भारी दिसेल असं सगळ्यांना वाटतंय. मी ब्रेकफास्ट घेतला. आपल्या शहरातल्या हॉटेलात सगळ्यात जास्त माणसं एकाच वेळी जेवतात ती सकाळी, दुपारी पाहुणे वेरूळला नाहीतर अजिंठ्याला असतात आणि रात्री निम्मे लोक नान खलिया शोधत जुन्या शहरात जातात. त्यामुळे खरी कसोटी नाश्त्याचीच.

हॉटेलचं नाव इथं लिहीत नाहीये, परवानगीच्या पत्रातच तसं ठरलंय. मोठं आहे, सीझनला फॉरेनचे ग्रुप असतात, एकच ऑल डे डायनिंग आहे म्हणजे सकाळचा बुफेही तिथंच आणि रात्रीचं आ ला कार्टही (मेन्यूवरून मागवायचं जेवण) तिथंच.

वहीत कॉलम पाडलेत: पाहुणा किती वाजता आत आला, बसला कधी, पाणी/चहा कधी आला, प्लेट कधी उचलली, टेबल परत कधी लागलं. केस बांधायला जाळी घेतली, काळे बूट पॉलिश केले, नेलपेंट काढलं.

६ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. पावणेसहाला पोचले, थंडी चांगलीच होती. पुढच्या दाराने जायचं नसतं हे माहीत होतं, स्टाफ गेटवर टाइम ऑफिसात नाव लिहिलं, बॅग उघडून दाखवली, फोनच्या कॅमेऱ्यावर सिक्युरिटीवाल्याने स्टिकर लावला आणि व्हिजिटर पास गळ्यात. मग बॅक एरिया. भिंतींवर कंबरेच्या उंचीवर ट्रॉल्या घासल्याच्या काळ्या रेघा, ट्यूबलाइट, फ्लोअर क्लीनर आणि फोडणी यांचा मिळून एक वास, आणि मग एक ढकलायचं दार आणि दाराच्या पलीकडे एकदम गालिचा, पिवळा उजेड आणि बासरी. दाराला डोळ्यांच्या उंचीवर गोल काच आहे म्हणजे पलीकडून कोणी ट्रे घेऊन येतंय का ते दिसतं. जायचं दार वेगळं, यायचं वेगळं, आणि हा नियम तिथं कोणी म्हणजे कोणी मोडत नाही.

सव्वासहाला ब्रीफिंग. कॅप्टन सरांनी (वेटरांचे प्रमुख) सगळ्यांची नखं बघितली, दाढी बघितली, पेन, ऑर्डर पॅड आणि ओपनर प्रत्येकाच्या खिशात आहे का विचारलं. मग हाउस काउंट. रात्री हॉटेलात किती माणसं झोपली त्यावरून सकाळी किती कव्हर (म्हणजे जेवणारी माणसं) होणार हा अंदाज, त्यातही सीपीवर किती म्हणजे ज्यांच्या खोलीच्या भाड्यातच नाश्ता आहे ते किती, आणि ईपीवाले किती म्हणजे ज्यांना वेगळं बिल करायचं. आज दीडशेच्या आसपास. एक थायलंडचा ग्रुप, त्यांना गरम पाण्याचे थर्मास लागणार. एका पाहुण्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याचा रूम नंबर सगळ्यांकडून पाठ करून घेतला. पोह्यात शेंगदाणे, साबुदाणा खिचडीत कूट, चटणीत पण, त्यामुळे हे सगळ्यांना तोंडपाठ असणं किती गरजेचं आहे ते कळतं.

आणि मग सर म्हणाले, "आज सोमवार, अजिंठा बंद. साडेआठनंतर येतील सगळे."

हे मला जाम आवडलं. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहितीये, पण त्याचा ऑम्लेटच्या काउंटरशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात येईल. सोमवारी पाहुण्यांना वेरूळच उरतं, ते तीसेक किलोमीटर, त्यामुळे लोक निवांत उठतात आणि साडेआठ ते साडेनऊ एकदम गर्दी. मंगळवारी सगळे अजिंठ्याला, ते शंभर किलोमीटर, लेण्या नऊला उघडतात आणि फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून एसटीच्या बसने पुढे जायचं असतं, म्हणजे सहा-साडेसहालाच नाश्ता पाहिजे. शिवाय सोमवारी घृष्णेश्वराला पहाटे दर्शन घेऊन परत येणारे लोक दहाच्या सुमाराला येतात, भुकेलेले, त्यात काहींचा उपास. म्हणून सोमवारी साबुदाणा खिचडी कायम, आणि कांदा न घातलेले पोहे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावासकट.

मला खांबापाशी साइड स्टेशनच्या (कटलरी वगैरे ठेवायचं खणांचं कपाट) बाजूला उभं केलं. सूचना दोनच: भिंतीला टेकायचं नाही, आणि पाहुण्याने काही मागितलं तर स्वतः आणायला पळायचं नाही, "पाठवते" म्हणायचं आणि जवळच्या स्टीवर्डला (वेटरला) सांगायचं.

दारात होस्टेस. ती रूम नंबर विचारून यादीवर टिक करते आणि बसवते, पण बसवताना मनाने बसवत नाही, एक टेबल या स्टीवर्डच्या सेक्शनमध्ये, पुढचं दुसऱ्याच्या, असं फिरवत राहते. नाहीतर खिडकीकडच्या सेक्शनवाला एकटा मरतो आणि आतले तिघे हात बांधून उभे. पाहुण्याला वाटतं की मला मुद्दाम खिडकी दिली नाही.

मी एकाच माणसाच्या मागे डोळे लावायचं ठरवलं. चाळिशीचे एक स्टीवर्ड आहेत, सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांचं क्लिअरन्स, म्हणजे वापरलेल्या प्लेटा उचलणं, बघण्यासारखं आहे. उजवीकडून पहिली प्लेट उचलली की ती डाव्या हातात, काटा प्लेटवर आडवा आणि त्याची दांडी अंगठ्याखाली दाबून धरलेली, मग सुरी काट्याच्या कमानीखाली सरकवायची म्हणजे दोन्ही हलत नाहीत. दुसरी प्लेट मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागावर आणि करंगळीच्या टेकूवर. त्यातलं उरलेलं खरकटं पहिल्या प्लेटमध्ये, पण हे पाहुण्याकडे पाठ करून. तिसरी, चौथी प्लेट तिथंच वर. आम्हाला हे प्रॅक्टिकलला शिकवलंय पण रिकाम्या स्वच्छ प्लेटांनी, इथं इडलीचं सांबार आहे, अंड्याचा बलक आहे, टिश्यू आहे, आणि दादा चालताना प्लेटांकडे बघतच नाहीत, पुढच्या टेबलाकडे बघत असतात.

पावणेनऊला खरी गर्दी. डोसा काउंटरला रांग, एका तव्यावर एका वेळी जेवढे निघतील तेवढेच. मला वाटलं आता डोशावरून भांडणं होणार पण लोक डोशाला शांतपणे थांबतात, समोर तवा दिसतोय ना. हात वर होतात ते टेबलावरून. चहा आला पण चमचा नाही. दही घेतलं, चमचा नाही. दादा "जस्ट अ मोमेंट सर" म्हणून आत गेले आणि त्यांच्या सेक्शनला तेवढा वेळ कोणीच नाही.

साडेदहाला बुफे बंद. पाय गेले माझे.

७ जानेवारी, मंगळवार

पहाटे पाचला हॉटेलात. आज वेरूळ बंद म्हणजे सगळी फौज अजिंठ्याला. एरवी बुफे सातला उघडतो, मंगळवारी सहाला. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांना पॅक्ड ब्रेकफास्ट, खोक्यात सँडविच, उकडलेलं अंडं, केळं, ज्यूसचं पाकीट. ती खोकी रात्रपाळीच्या लोकांनी भरून ठेवली होती.

सहा पाचला बस ड्रायव्हर रिसेप्शनला येऊन उभा. सहा दहाला अख्खा ग्रुप एकदम आत. एकदम म्हणजे एकदम, होस्टेसला नंबर विचारायला वेळच नाही, ग्रुप लीडरने यादी दिली आणि तिने सगळ्यांना आत घेतलं. चाळीस माणसं, सगळ्यांना साडेसहाला निघायचंय. सोमवारी तीच माणसं दीड तासात पसरून येतात, मंगळवारी वीस मिनिटांत. किचन तेच, स्टाफ तोच, प्लेटा त्याच.

आणि किचन कमी पडलं नाही हे मी मुद्दाम ठळक लिहितेय. होस्टेस आणि दोन स्टीवर्ड मला म्हणाले की मंगळवारी किचन स्लो असतं. मी चेफिंग डिशेस (बुफेवर पदार्थ गरम ठेवायची झाकणाची भांडी) बघत होते, एकही रिकामी झाली नाही. कमी (म्हणजे ज्युनिअर कुक, कॉमी म्हणायला पाहिजे खरं तर, पण सगळे कमीच म्हणतात) दर थोड्या वेळाने येऊन झाकण उघडून बघतोय, अर्ध्यावर आलं की नवीन भांडं. त्याच्याकडे प्रोब थर्मामीटर पण आहे, गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर आणि थंड ५ च्या खाली राहायला पाहिजेत, तो आकडा वहीत लिहून सही करतो. इतक्या गर्दीतही त्याने सांबारात प्रोब घातला, पुसला, लिहिलं. मला तो माणूस आवडला.

मग अडलं कुठे? साडेसहाच्या सुमाराला माझ्या समोरच्या टेबलावर एक आजोबा, टुरिस्ट, चहात साखर घातली, इकडेतिकडे बघितलं आणि बटर नाइफने चहा ढवळला. शेजारच्या बाईंनी काट्याच्या उलट्या बाजूने. साइड स्टेशनचा टी स्पूनचा खण मी उघडून बघितला (हात लावायचा नाही हा नियम मोडला म्हणा हवं तर), दोन चमचे. त्याच्या शेजारच्या खणात एपी (ऑल पर्पज) फोर्क गच्च भरलेले, सूप स्पून गच्च भरलेले, सकाळी सूप कोण पितं.

दादा सहा वेळा तरी आत गेले असतील माझ्या नजरेसमोर आणि प्रत्येक वेळी येताना मुठीत पाच-सात चमचे, पुसत पुसत. प्रत्येक वेळी त्यांची पाच टेबलं उघड्यावर. त्या तेवढ्या वेळात प्लेटा साठतात, प्लेटा साठल्या की नवीन माणसाला बसायला जागा नाही, जागा नाही म्हणून होस्टेस दारात माणसं थांबवते, आणि दारात थांबलेला माणूस म्हणतो सर्व्हिस स्लो आहे. किचनचा संबंध कुठंय यात?

पावणेसातला बस गेली. हॉल एकदम रिकामा, टेबलांवर युद्ध होऊन गेल्यासारखं.

८ जानेवारी, बुधवार

कॉलेज. मॅडमना वही दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी लाल पेनाने गोल केला, मी लिहिलं होतं "खूप धावपळ". म्हणाल्या, धावपळ हे निरीक्षण नाही, कोण कुठून कुठे गेलं आणि हातात काय होतं ते लिही. बरोबर आहे.

म्हणून आता नकाशा काढलाय हॉलचा. दादांचं सेक्शन, साइड स्टेशन, बुफे, आत जायचं दार. तीन रंग: टेबलाकडे पाहुण्यासाठी जाणं हिरवं, घाण प्लेटा घेऊन आत जाणं निळं, आणि काहीतरी आणायला रिकाम्या हाताने आत जाणं लाल. पुढच्या वेळी फक्त लाल रेघा मोजायच्या आणि प्रत्येकीपुढे वस्तूचं नाव.

१० जानेवारी, शुक्रवार

कॅप्टन सरांनी रात्रीची सर्व्हिस पण बघून घे म्हणाले, तुलनेला बरी. गेले. थोडक्यात लिहिते कारण प्रोजेक्ट नाश्त्याचा आहे.

आ ला कार्टला सगळं पुस्तकातल्यासारखं. खुर्ची ओढणं, नॅपकिन, पाणी बाटलीचं की साधं हे विचारूनच, मेन्यू, ऑर्डर घेतली की ती पाहुण्याला परत वाचून दाखवायची, मग केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी). केओटी पीओएसवर (बिलिंगच्या मशीनवर) मारला की किचनच्या प्रिंटरवर निघतो आणि पासवरचा (जिथून तयार प्लेटा बाहेर देतात तिथला) शेफ ओरडून वाचतो, आतून सगळे "येस शेफ". स्टार्टर संपत आले की कॅप्टन जाऊन मेन कोर्स "फायर" करायला सांगतो, तोपर्यंत तो केओटी होल्डवर. ऑर्डरनुसार कटलरी बदलायची, ज्याने सूप नाही मागवलं त्याचा सूप स्पून उचलायचा. पहिल्या दोन घासांनंतर जाऊन विचारायचं सगळं ठीक आहे ना. जेवण झाल्यावर क्रंबिंग, म्हणजे टेबलावर सांडलेले कण काढणं.

एका टेबलावर कॉलेजची वाटावी अशी पोरं होती, व्हिस्की मागितली. कॅप्टन सरांनी हसत हसत आयडी मागितलं, महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१ आणि हार्ड लिकरला २५ पूर्ण लागतात. एकाचे २३. मॉकटेल घेतलं बिचाऱ्याने. सरांनी ज्या पद्धतीने नाही म्हटलं ते शिकण्यासारखं, मुलाला चारचौघांत लाज वाटेल असं काहीच बोलले नाहीत, मेन्यूचं पान उलटून दुसरीकडे बोट ठेवलं फक्त.

सर्व्हिस चार्जवरून एका काकांनी वाद घातला, त्यांच्याकडे २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या गाइडलाइन्स फोनवर तयारच होत्या की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही. या हॉटेलात तो लावतच नाहीत, ते जे दाखवत होते ते जीएसटी होतं. पाच मिनिटं गेली त्यात.

मुद्दा हा की रात्री लाल रेघा जवळजवळ नाहीत. प्रत्येक टेबलाला काय लागणार ते केओटीवरून आधीच कळतं म्हणून स्टीवर्ड एकाच फेरीत सगळं घेऊन येतो. बुफेला केओटीच नाही, कोण काय उचलेल ते कोणालाच माहीत नाही, आणि तरी आपण म्हणतो बुफे म्हणजे सोपी सर्व्हिस.

१२ जानेवारी, रविवार

रविवारी गावातलीच माणसं जास्त, कुटुंबं, नाश्ता करता करता दुपारचं जेवणच होतं. आज उलीसं निवांत बघता आलं. एक आजी होत्या नऊवारीतल्या, त्यांनी बुफेवरून ताट वाढून आणलं ते अगदी पानासारखं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात. बाकीचे पुरीवर केक ठेवून येतायत.

दादा म्हणाले त्यांच्या गावात त्यांचे वडील पंगतीत वाढायला असायचे. "बाबा म्हणायचे हातातल्या भांड्याकडं नाही बघायचं, पानांकडं बघत चालायचं." परवा प्लेटा हातात घेऊन चालताना ते पुढच्या टेबलाकडे का बघत होते ते मला आत्ता कळलं. पुढे म्हणाले, "इथं पण तेच करतो मी, पण टेबलाकडं बघून करू काय, खणात चमचा तर पाहिजे."

लाल रेघा मोजल्या. सगळ्यात जास्त टी स्पून, त्याखालोखाल कपबशा, मग साखरेची पाकिटं. बाकी किरकोळ.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रिसेप्शनवर तिळगूळ ठेवला होता आणि थायलंडवाल्या नाही, आज दुसऱ्याच एका ग्रुपला होस्टेस "तिळगूळ घ्या गोड बोला" म्हणायला शिकवत होती. मी मात्र आज हॉलमध्ये नाही, परवानगी काढून मागे, किचन स्टीवर्डिंगला. मंगळवारच निवडला मुद्दाम.

स्टीवर्डिंग म्हणजे भांडी घासायचं खातं असं आमच्या वर्गात सगळे समजतात आणि ट्रेनिंगला तिथं पोस्टिंग लागलं की तोंड पाडतात. आज मला असं वाटलं की अख्खं हॉटेल इथून चालतं. डर्टी लँडिंगवर (घाण भांडी ठेवायचा ओटा) ट्रे येतो, एक जण खरकटं काढतो, एक जण प्लेटा प्लेटांवर, बाऊल बाऊलवर, ग्लास वेगळ्या रॅकमध्ये, कटलरी सगळी एका गरम साबणाच्या टबात. मशीनमध्ये शेवटचं रिन्सचं पाणी ८२ डिग्रीच्या आसपास असतं म्हणून प्लेट बाहेर आली की स्वतःच्याच उष्णतेने सुकते, फडकं लागत नाही. कटलरीचं तसं नाही. ती उभ्या डब्यांमध्ये भरून मशीनमधून काढायची आणि मग गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एकेक हाताने पुसायची, नाहीतर पाण्याचे डाग राहतात.

इथं एक काका आहेत, रिटायरमेंटला आलेले. चमच्यांबद्दल विचारलं तर त्यांनी आधी मला स्टूल दिलं. मग पुसता पुसता सांगायला लागले. काटे-सुऱ्या हरवत नाहीत, मोठ्या असतात, प्लेटवर दिसतात. टी स्पून कपाच्या बशीत असतो, बशीत टिश्यू, टिश्यूखाली चमचा, आणि गर्दीत खरकटं काढणारा टिश्यू झटकतो की चमचा कचऱ्यात. त्यांनी ड्रमच्या तोंडावर एक मोठं लोहचुंबक लावून घेतलंय, मला दाखवलं, त्याला तीन चमचे चिकटलेले होते. पण म्हणे काही स्टीलला चुंबक धरत नाही, जुन्या लॉटचे चमचे सरळ खाली जातात, म्हणून शिफ्टच्या शेवटी ड्रममध्ये ते स्वतः हात घालतात. ग्लोव्ह्ज घालून. तरी.

"पण कचऱ्यातले थोडेच," ते म्हणाले. "बाकीचे वरती हायेत."

वरती म्हणजे खोल्यांमध्ये. रात्री रूम सर्व्हिसचा चहा-कॉफी जातो, पाहुणा ट्रे दाराबाहेर ठेवतो आणि तो ट्रे सकाळी हाउसकीपिंगवाले येईपर्यंत कॉरिडॉरमध्येच. त्या ट्रेवर दोन-दोन, चार-चार टी स्पून. शिवाय कॉन्फरन्स हॉलला संध्याकाळी टी ब्रेक झाला असेल तर त्याचे चमचे बँक्वेटच्या पॅन्ट्रीत घाण पडून, कारण बँक्वेटची शिफ्ट दहाला येते. हे सगळे चमचे साडेनऊ-दहानंतर धुवायला येतात. सोमवारी गर्दी उशिरा असते तेव्हा निदान पहिल्या फेरीतले धुवून परत जातात म्हणून ओढाताण कमी वाटते. मंगळवारी सहाला चाळीस माणसं एकदम, धुवून परत यायला वेळच नाही, जेवढे खणात तेवढेच खरे.

स्टोअरच्या हिशोबात चमचे पुरेसे आहेत. तीन पार (म्हणजे लागतात त्याचे तीन संच) धरलेत, एक वापरात, एक धुण्यात, एक स्टोअरमध्ये, आणि महिन्याच्या ब्रेकेज रिपोर्टमध्ये टी स्पूनची तूट पण फार नाही. कागदावर चमचा हॉटेलातच आहे. पाचव्या मजल्यावर ट्रेवर आहे, एवढंच.

पाण्याचंही विचारलं कारण आपल्या शहराचं पाणी सगळ्यांना माहितीये. टँकर येतो, टाकी आहे, हॉटेलचं चालतं. पण उन्हाळ्यात मशीन अर्धं भरून चालवायला बंदी, रॅक पूर्ण भरल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. म्हणजे तेव्हा चमचे अजूनच उशिरा येणार. हे रिपोर्टमध्ये घालायचं का ते मॅडमना विचारते.

काकांना तिळगूळ दिला. हॉलमध्ये तीस वर्षांत किती वेळा गेलात विचारलं तर म्हणाले युनिफॉर्म वेगळा आहे, तिकडं जायचं काम पडत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

एफ अँड बी मॅनेजर सरांनी वेळ दिला, कॅप्टन सर पण होते. नकाशा टेबलावर पसरला. लाल रेघा बघून मॅनेजर सर आधी म्हणाले अजून चमचे इंडेंट करू (मागवू). कॅप्टन सरच म्हणाले, सर तेही वरतीच जातील. मग हसले दोघंही.

ठरलं ते साधंच आहे. रात्री रूम सर्व्हिसच्या शेवटच्या माणसाने घरी जायच्या आधी सगळे मजले फिरून बाहेरचे ट्रे खाली आणायचे. संध्याकाळी बँक्वेट झालं असेल तर कटलरी तेवढी त्याच रात्री धुवायला द्यायची, बाकी भांडी सकाळी चालतील. आणि मंगळवारी साइड स्टेशनमधले सूप स्पून काढून तो खणही टी स्पूनला द्यायचा. शेवटचं माझं होतं, फुकट आहे, कोणाची सही लागत नाही.

रूम सर्व्हिसवाल्यांचा चेहरा काही खूश नव्हता असं नंतर कळलं. साहजिकच आहे, रात्री मजले फिरायचे म्हणजे घरी जायला उशीर, त्यांची शेवटची गाडी चुकते. कॅप्टन सर म्हणाले शिफ्ट अर्धा तास मागे घेऊ, बघू. मला वाटतं हे नीट ठरलं नाही तर दोन आठवड्यांत सगळं मूळ पदावर.

२१ जानेवारी, मंगळवार

परत पहाटे. पुन्हा अजिंठ्याची बस, ग्रुप मागच्यापेक्षा लहान होता, सव्वीस-सत्तावीस जण, त्यामुळे तुलना शंभर टक्के बरोबर नाही हे रिपोर्टमध्ये लिहिणार आहे.

टी स्पून शेवटपर्यंत पुरले. दादांच्या लाल रेघा अगदी थोड्या आणि त्यातल्या बहुतेक कपांसाठी, कारण लोकांनी चहा जास्त घेतला (चमचे मिळाले म्हणून असेल का, काय माहीत). पण फरक टेबलांवर दिसत होता. दादा सेक्शन सोडून गेले नाहीत म्हणून प्लेटा साठल्या नाहीत, एका जोडप्याची मुलगी रडायला लागली तर ते हात न करताच दादा दुधाचा कप घेऊन तिथं हजर. हे कॉलममध्ये कुठं लिहायचं मला कळेना, शेवटी नकाशावर हिरव्या रंगाने एक टिंब केलं.

चौथ्या मजल्यावरचे दोन ट्रे राहिलेच होते. होस्टेसने सांगितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट दिला. मॅडमनी जीएसटी आणि सर्व्हिस चार्जचं पान काढायला लावलं, विषयाशी संबंध नाही म्हणून. उन्हाळ्यातल्या पाण्याचा परिच्छेद ठेवला. स्टीवर्डिंगची पानं सगळ्यात जास्त झालीत, त्यावर मॅडम म्हणाल्या पेपर सर्व्हिसचा आहे ना, मी म्हणलं हो, म्हणूनच. व्हायव्हाला हाच प्रश्न विचारणार म्हणाल्या. नकाशाची कलर झेरॉक्स तीस रुपयांना एक पडली, दोन काढल्या, एक कॅप्टन सरांना द्यायची आहे, त्यांना ती ब्रीफिंग बोर्डवर लावायचीये.